कृमिजग्ध : वृक्षांचे व्रण आणि आपली निर्यासद्रव्ये

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. शस्त्रकर्म आटोपल्यावर आचार्य धूपन करावयास सांगतात. त्यासाठी गुग्गुळ, अगुरु, सर्जरस, वचा आणि गौरसर्षप यांचे चूर्ण करून त्यात लवण व निंबपत्र मिसळावे आणि ते घृताक्त करून वापरावे, असा त्यांचा आदेश आहे. परीक्षेसाठी ही नावे आपण पाठ केली. त्यांतील पहिल्या तीन द्रव्यांमध्ये असलेल्या साम्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. गुग्गुळ हा झुडपाच्या सालीला झालेल्या जखमेतून पाझरतो. सर्जरस, म्हणजे राळ, हा वृक्षाच्या खोडावरील घावातून येतो. अगुरु तर निरोगी लाकडात नसतोच, व्रणित आणि बुरशीने ग्रासलेल्या लाकडातच तो तयार होतो. मनुष्याच्या व्रणरक्षणासाठी निवडलेली ही तिन्ही द्रव्ये झाडांनी स्वतःच्या व्रणरक्षणासाठी निर्माण केलेली होती.

आचार्यांना हे साम्य ठाऊक होते काय, याचे उत्तर संहितेत मिळत नाही आणि ते त्यांच्या तोंडी घालण्याची घाईही करू नये. आधुनिक शास्त्रातील प्रत्येक शोध आपल्या ग्रंथांत आधीच होता, असे म्हणण्याची सवय आपल्या व्यासपीठांवर फार झाली आहे. परंतु चरकाचार्यांनी औद्भिद द्रव्यांची जी ग्राह्य अंगे सांगितली, त्यांत मूळ, त्वक्, पत्र, पुष्प, फल यांच्याबरोबर सार, निर्यास आणि क्षीर ही अंगे स्वतंत्रपणे मोजली आहेत. ही तिन्ही वनस्पतीच्या संरक्षणव्यवस्थेशी निगडित आहेत, हे आज निश्चित सांगता येते. औषधी निर्मात्यांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ज्या द्रव्याची उत्पत्तीच व्रणातून होते, त्याची गुणवत्ता आणि उपलब्धता तो व्रण कसा केला यावर ठरते.

वृक्षाचा व्रण भरत नाही

आपल्या शरीरात व्रण झाला की रक्त त्या स्थानी धावते, दुष्ट भाग निघून जातो आणि नवीन मांसधातू त्याची जागा घेतो. वृक्षात रक्त नाही आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन शत्रूशी लढणाऱ्या पेशीही नाहीत. प्रत्येक पेशी लाकडी भिंतीत जन्मभर बंदिस्त असते. अशा स्थितीत कुऱ्हाडीचा घाव बसला किंवा फांदी मोडली, तर वृक्ष काय करतो?

या प्रश्नाचे सर्वाधिक चिकाटीने उत्तर शोधणारे संशोधक म्हणजे अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो. त्यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून आतील जुन्या जखमांचा इतिहास पाहिला आणि १९७७ मध्ये आपली उपपत्ती मांडली. तिचा सारांश असा की वृक्ष व्रण भरून काढत नाही, तो व्रणाला कोंडतो. जखमी झालेले लाकूड पुन्हा कधीही निरोगी होत नाही. वृक्ष त्याच्याभोवती तटबंदी उभारतो आणि तटाबाहेर नवीन लाकूड वाढवून जगत राहतो.

ही तटबंदी चार दिशांनी असते. पहिला तट वरखाली असतो. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये शेजारच्या जिवंत पेशी फुग्यासारख्या शिरतात किंवा डिंक सोडतात, त्यामुळे नलिका बुजते आणि बुरशीला वर वा खाली धावता येत नाही. हा तट सर्वांत दुबळा असतो. म्हणूनच झाड पोकळ होते ते उंचीच्या दिशेने अधिक. दुसरा तट आतल्या बाजूस, वार्षिक वलयाच्या शेवटच्या दाट पेशींचा. तिसरा आडवा, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींचा. चौथा तट मात्र व्रण झाल्यानंतर नव्याने बांधला जातो. सालीच्या आतील वर्धनशील थर एक वेगळीच पेशीभिंत तयार करतो आणि तिच्यायोगे जुने लाकूड व पुढे होणारे लाकूड अलग होतात. हा तट सर्वांत भक्कम असतो. आतून पूर्ण पोकळ झालेले वड, पिंपळ, चिंचा वर्षानुवर्षे हिरव्यागार उभ्या असतात, त्याचे रहस्य या चौथ्या तटात आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद अध्यायात रोगी झाडाचा दुष्ट भाग प्रथम शस्त्राने शोधून काढावा, मग विडंग, घृत व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावे, असे सांगितले आहे. शोधन आणि मग लेप, हा क्रम आपल्या व्रणचिकित्सेचाच आहे. आपले बागायतदार छाटणीच्या जखमेवर आजही बोर्डो पेस्ट लावतात. शिगोंचा मात्र जखमेवरील डांबर, रंग वगैरे लेपांवर विश्वास नव्हता. झाड चिरून पाहिल्यावर लेपाखालचे लाकूड लेपाविनाच्या लाकडाइतकेच कुजलेले आढळते, असे त्यांचे म्हणणे होते. लेपापेक्षा छाट कोठे व कसा घेतला, यालाच त्यांनी महत्त्व दिले. फांदीच्या बुंध्याशी असलेला फुगीर भाग शाबूत ठेवून छाट घेतला, तर झाडाला तट उभारता येतो. तो भाग कापला, तर मुळातला तटच नाहीसा होतो.

बुरशीची चाहूल आणि विषाची निर्मिती

तटबंदी झाली, पण शत्रू आत शिरला असेल तर? बुरशीची पेशीभित्ती कायटिन या द्रव्याची असते, वनस्पतीत कायटिन नसते. त्यामुळे कायटिनचे तुकडे आढळले की वनस्पतीच्या पेशीपृष्ठावरील ग्राहकांना परकीय शत्रूची ओळख पटते. मग पेशी आपली भिंत जाड करते, कायटिन तोडणारी विकरे सोडते, आणि अनेकदा बाधित पेशी व तिच्या शेजारच्या पेशी जाणूनबुजून मरतात. जिवंत पेशीवरच जगणाऱ्या बुरशीला त्यामुळे अन्न मिळत नाही. पानावर दिसणारा लहानसा तपकिरी ठिपका पुष्कळदा रोगाचा विजय नसतो, तो वनस्पतीने मुद्दाम सोडून दिलेला भूभाग असतो.

याच वेळी नवी रसायने बनू लागतात. १९४० मध्ये जर्मनीतील म्युलर आणि बोर्गर यांनी बटाट्यावर प्रयोग केला. करपा रोगाच्या सौम्य प्रकाराची बाधा आधी दिलेल्या भागावर नंतर उग्र प्रकार टाकला, तेव्हा तो वाढू शकला नाही. निरोगी ऊतीत पूर्वी नसलेले काही संरक्षक द्रव्य तेथे निर्माण झाले असावे, असा तर्क त्यांनी केला आणि त्यास फायटोॲलेक्सिन हे नाव दिले. पुढे १९६० मध्ये वाटाण्यातून पिसॅटिन हे अशा प्रकारचे द्रव्य शुद्ध स्वरूपात ओळखले गेले. आज अशी शेकडो द्रव्ये ज्ञात आहेत.

सर्वच शस्त्रे ऐनवेळी घडवली जातात असे नाही. काही आधीपासून सिद्ध असतात, फक्त म्यानात असतात. लसणाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. पेशीच्या एका कप्प्यात ॲलिइन आणि दुसऱ्या कप्प्यात त्यावर क्रिया करणारे विकर असते. दात लागला, चिरले वा ठेचले की दोन्ही एकत्र येतात आणि तीक्ष्णगंधी ॲलिसिन तयार होते. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो व बेली यांनी ते वेगळे केले. जिवाणू व बुरशी या दोहोंवर त्याचा प्रभाव दिसतो. लशुनकल्प करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अखंड लसूण थेट उकळत्या द्रवात टाकला, तर विकर उष्णतेने नष्ट होते आणि ही घडामोड घडतच नाही. ठेचून काही वेळ ठेवणे आणि मग पाक करणे, यातील फरक नाकालाही कळतो.

जखमेची वार्ता संपूर्ण झाडात कशी पोचते, हाही मनोरंजक विषय आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील क्लॅरेन्स रायन यांनी १९७२ मध्ये दाखविले की टोमॅटोचे एक पान किड्याने खाल्ले तर दूरच्या, न दुखावलेल्या पानांतही किड्याच्या पचनात अडथळा आणणारी प्रथिने तयार होतात. पुढे या निरोपात जॅस्मोनेट वर्गातील द्रव्यांचा मोठा वाटा असल्याचे स्पष्ट झाले. २०१८ मध्ये जपानी व अमेरिकी संशोधकांनी जखमेनंतर पानापानांतून पसरणारी कॅल्शियमची लाट प्रत्यक्ष चित्रित केली. ती लाट ग्लुटामेटमुळे सुरू होते. मज्जातंतू नसलेल्या जिवात ही वार्ता काही मिनिटांत पोचते.

या सर्व वर्णनावरून ‘झाडाला जे रक्षते ते माणसालाही रक्षते’ असा सोपा सिद्धान्त कोणी काढू नये. फायटोॲलेक्सिन हे मुळात विष आहे. सेलेरी या पाश्चात्त्य भाजीची काढणी करणाऱ्या मजुरांच्या हातांवर उन्हात फोड येत असल्याचे १९६१ मध्ये अमेरिकेत नोंदले गेले. कारण शोधता असे दिसले की बुरशीने सडू लागलेल्या सेलेरीत सोरॅलेन वर्गातील द्रव्ये कितीतरी वाढतात. हा वर्ग आपणास नवा नाही. बाकुचीत तीच द्रव्ये आहेत आणि श्वित्रात बाकुचीच्या लेपानंतर आतपसेवन का व किती सांभाळून करावयाचे, हे प्रत्येक चिकित्सक जाणतो. झाडाचे अस्त्र आपल्या हाती आले की मात्रा आणि संस्कार हाच त्याचा औषधी अर्थ ठरतो.

अगुरु : रोगी लाकडाचे मोल

भावप्रकाश निघंटूत अगुरूचे जे पर्याय आहेत, त्यांत कृमिज आणि कृमिजग्ध ही दोन नावे विशेष आहेत. कृमीपासून झालेला आणि कृमीने खाल्लेला. निघंटुकारांना बुरशीचे सूक्ष्म रूप ठाऊक होते, असा याचा अर्थ होत नाही. पण किडीने पोखरलेल्या झाडातच अगुरु मिळतो, हे गोळा करणाऱ्यांचे निरीक्षण ग्रंथात नोंदले गेले, एवढे निःसंशय म्हणता येते. आणि ते अचूक आहे. आसामात झ्यूझेरा कॉन्फर्टा या पतंगाची अळी खोड पोखरते. तिच्या बिळांतून बुरशी आत शिरते. फ्युझेरियम, लॅसिओडिप्लोडिया इत्यादी अनेक जाती अशा लाकडातून वेगळ्या केल्या गेल्या आहेत.

वृक्षाचे शास्त्रीय नाव ॲक्विलारिया मलाक्केन्सिस, जुन्या ग्रंथांत ॲक्विलारिया ॲगॅलोचा. निरोगी झाडाचे लाकूड पांढुरके, हलके आणि गंधहीन असते. याच निरोगी वृक्षाच्या सालीपासून आसामात पोथ्या लिहिण्याची साँचीपाने बनवीत. अन्नरस वाहून नेणारी ऊती बहुतेक वृक्षांत सालीच्या आत असते. अगुरूत मात्र तिचे पुंजके लाकडातही विखुरलेले असतात. त्यामुळे लाकडाच्या आतपर्यंत जिवंत, पिष्टाने भरलेल्या पेशी असतात. व्रण होऊन बुरशी आली की या पेशींतील पिष्ट नाहीसे होत जाते आणि त्याजागी काळपट राळ साचते. या राळेत सेस्क्विटर्पीन आणि फेनिलइथाइल क्रोमोन हे दोन मुख्य वर्ग असतात. झाड आपला साठा मोडून तटबंदी उभारते. बुरशी पूर्ण मरत नाही, झाडही हार मानत नाही. हा संघर्ष वर्षानुवर्षे चालतो आणि त्या काळात लाकूड जड होत जाते. शेवटी ते पाण्यात बुडते.

अगुरु म्हणजे जे गुरु नाही ते. मग उत्तम अगुरु पाण्यात बुडतो, आणि त्याला लोह हे दुसरे नावही आहे, हे कसे? शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. तथापि एकाच झाडाचे निरोगी लाकूड हलके व व्रणित लाकूड लोहवत् असते, एवढे वास्तव या दोन्ही नावांना पुरेसे आहे, असे मला वाटते.

चरकाचार्यांनी अगुरु श्वासहर आणि शीतप्रशमन या दोन्ही महाकषायांत घेतला आहे. शीत घालविणाऱ्या लेपांत रास्ना व अगुरु श्रेष्ठ मानले आहेत. च्यवनप्राशाच्या मूळ पाठातही तो आहे. म्हणजे औषधालयांना त्याची गरज नित्याची आहे. आणि बाजारात काय मिळते? काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यांकडून अगुरु म्हणून माझ्याकडे आलेल्या नमुन्यांत फिके, तरंगणारे, जाळल्यास केवळ लाकडाचा धूर देणारे तुकडे अनेकदा निघाले आहेत. ते कदाचित खरोखरच ॲक्विलारियाचे असतील, जाती ओळखण्याच्या परीक्षेत ते उत्तीर्णही होतील. परंतु ज्यात व्रण झालाच नाही, ते लाकूड कृमिजग्ध नव्हे. त्यात औषध नाही. याउलट काही माल काळा रंगविलेला असतो.

परीक्षेसाठी फार दूर जावे लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंमध्ये अगुरूची लक्षणे दिली आहेत. तो जड व स्निग्ध असावा, त्याचा गंध दूरवर पसरावा, अग्नीत टिकून राहावा, धूर भपकन न येता संथ यावा, गंध आरंभापासून शेवटपर्यंत सारखा राहावा आणि घासल्याने नाहीसा होऊ नये, असा त्या लक्षणांचा आशय आहे. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेली ही परीक्षा आजही उपयोगी आहे. तिच्या जोडीला मद्यार्कात विरघळणाऱ्या अंशाचे मापन करावे, कारण राळ मद्यार्कात उतरते व कोरे लाकूड फारसे काही देत नाही. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. राळ लाकडातील त्या विखुरलेल्या पुंजक्यांत व किरणपेशींत असेल तर ती झाडाने भरलेली आहे. रंग केवळ पृष्ठभागावर असेल तर तो माणसाने लावलेला आहे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कोणत्या झाडात अगुरु आहे हे बाहेरून खात्रीने कळत नाही. त्यामुळे जंगलात शोधासाठी निरोगी झाडेही तोडली गेली. १९९५ पासून ही जाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याने होतो. आययूसीएनच्या लाल यादीत २०१८ च्या मूल्यमापनानुसार ती अतिसंकटग्रस्त आहे. आज आसामातील अगुरु प्रामुख्याने घरामागच्या बागांतून आणि लागवडीतून येतो. राज्य शासनाने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले.

लागवडीच्या झाडात किडीची वाट पाहत बसण्यापेक्षा मुद्दाम व्रण करून बुरशी सोडण्याचे तंत्र आता विकसित झाले आहे. मिनेसोटा विद्यापीठातील रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममध्ये यावर काम केले. आपल्याकडे जोरहाट येथील वर्षावन संशोधन संस्थेत बुरशी टोचण्याचे प्रयोग झाले. अशा अगुरूला शास्त्रीय दृष्ट्या खरा अगुरु मानावे काय, असा प्रश्न आपल्या काही मित्रांना पडतो. माझे मत स्पष्ट आहे. राळ झाडानेच बनविलेली आहे, बुरशीही झाडाच्या ओळखीचीच आहे, तेव्हा केवळ माणसाने भोक पाडले म्हणून ती कृत्रिम ठरत नाही. आक्षेप घ्यायचा तर काळावर घ्यावा. थोड्या वर्षांत कापलेल्या लाकडात राळ कमी व तिचे घटक जुन्या लाकडापेक्षा भिन्न प्रमाणात असू शकतात. म्हणून नाव न पाहता जडपणा, मद्यार्क-अंश व गंध पाहून घ्यावे.

गुग्गुळ : अतिव्रणाचा परिणाम

अगुरूत राळ व्रणानंतर बनते. गुग्गुळाची गोष्ट निराळी. कॉमिफोरा वायटी या काटेरी झुडपाच्या सालीत निर्यासाच्या नलिका आधीपासून भरलेल्या असतात. चिरा पडताच त्यातील द्रव बाहेर येऊन जखम झाकतो आणि वाळून कठीण होतो. राजस्थान व गुजरातच्या, विशेषतः कच्छच्या, रुक्ष भूमीत वाढणाऱ्या या झुडपाला चिरा देण्याजोगे होण्यासाठी आठ ते दहा वर्षे लागतात, आणि एका हंगामात मिळणारा निर्यास काही शे ग्रॅमच असतो.

बाजाराची भूक याहून मोठी आहे. म्हणून खोल चिरा घेण्याची, चिरांवर रोगकारक जिवाणू असलेला जुना चीक व अन्य द्रव्यांचा लेप चोपडण्याची पद्धत काही भागांत रूढ झाली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात इथेफॉन या रसायनाने निर्यास अनेक पटींनी वाढतो, असेही दिसून आले. हे रसायन वनस्पतीत इथिलिन सोडते, आणि इथिलिन हा झाडाचा स्वतःचाच आपत्कालीन निरोप आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर झाडाला भास होतो की फार मोठे संकट आले आहे, आणि ते आपले सर्वस्व बाहेर ओतते. मात्रा व चिरेची खोली सांभाळली नाही तर झुडूप मरते. आययूसीएनने या जातीलाही अतिसंकटग्रस्त ठरविले आहे.

झाड मरत नाही तेव्हाही ते किंमत मोजतच असते. आपल्या शल्लकीच्या कुळातील, ईशान्य आफ्रिकेत धूपासाठी चिरल्या जाणाऱ्या बॉसवेलिया पॅपिरिफेरा या वृक्षावर इरिट्रियात झालेल्या अभ्यासात, सतत चिरलेल्या झाडांना बिया कमी येतात आणि त्या रुजतातही फार कमी, असे २००६ मध्ये दिसून आले. निर्यास आणि बीज दोन्ही एकाच पिष्टसाठ्यातून येतात. एकीकडे खर्च झाले की दुसरीकडे तूट पडते. आर्तव व स्तन्य यांच्या संदर्भात धातुपोषणाचा जो विचार आपण शिकतो, त्याच्याशी याचे साधर्म्य आहे.

याउलटचे दृश्य आपल्या विदर्भात दिसते. संत्र्याच्या खोडातून डिंक वाहू लागला की शेतकरी त्याला डिंक्या रोग म्हणतो आणि घाबरून जातो. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जिवाने सालीवर हल्ला केल्याचे ते लक्षण असते. बागाईतदाराला ते संकटाचे चिन्ह वाटते. आपण मात्र निर्यासाचा भरघोस ढीग पाहून पीक चांगले आले म्हणतो.

औषधी निर्मात्यांनी गुग्गुळ घेताना तो कोठून व कोणत्या पद्धतीने काढला याची लेखी माहिती मागावी, अशी माझी सूचना आहे. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी सर्व आयात बंद केली. तिकडून येणारा गुग्गुळही त्यात आला, आणि त्यामुळे देशी झुडपांवरील ताण व बोळासारख्या द्रव्यांची भेसळ या दोहोंची शक्यता वाढते. प्रत्येक व्याधीत गुग्गुळकल्प लिहिण्याच्या आपल्या सवयीचाही या निमित्ताने विचार व्हावा. आमवात, मेदोरोग, भग्न यांत त्याला पर्याय शोधणे कठीण आहे, इतरत्र मात्र पर्याय पुष्कळ आहेत.

सालीच्या औषधांनाही हाच न्याय लागू आहे. अर्जुन, अशोक, लोध्र, रोहीतक यांची साल खोडाभोवती गोलाकार सोलली तर अन्नरसाचा मार्ग तुटतो आणि वृक्ष उभ्याउभ्या मरतो. तीच साल उभ्या अरुंद पट्टीत, एका बाजूने आणि आतील वर्धनशील थर न खरवडता काढली, तर कडांकडून नवी साल येते. शिगोंचा चौथा तट याच थरावर अवलंबून आहे. पावसाळ्यात मात्र साल काढू नये. ओल्या हवेत उघड्या लाकडावर बुरशी सहज रुजते.

छिन्नरुहा आणि गोदाम

गुडूचीचा छिन्नरुहा हा पर्याय सर्वश्रुत आहे. तोडली तरी उगवणारी. खिडकीला टांगून ठेवलेला गुळवेलीचा तुकडा आठवड्यांनंतरही हिरवा राहतो, त्याला कोंब व हवेतील मुळे फुटतात. कापलेल्या टोकांवर ती त्वरित बुचासारखा थर चढविते व ओल आत कोंडून घेते. जोवर तुकडा जिवंत आहे, तोवर त्याचे रक्षण तोच करतो. गुडूची आर्द्रच घ्यावी, या परिभाषेतील नियमाला ही एक बाजूही आहे.

तोच तुकडा कापून वाळविला की परिस्थिती पालटते. आता तो शत्रू ओळखू शकत नाही, नवे तट बांधू शकत नाही, नवे विष बनवू शकत नाही. हयातीत साठविलेले जे काही असेल, तेवढेच त्याचे संरक्षण. म्हणून राळ, सार व तीक्ष्ण तैले असणारी द्रव्ये, जसे गुग्गुळ, देवदार, लवंग, गोदामात दीर्घकाळ टिकतात. शतावरी, अश्वगंधा, विदारी यांसारखी पिष्टमय मुळे मात्र निःशस्त्र असतात. त्यांच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सहज वाढते आणि अफ्लाटॉक्सिन निर्माण करू शकते.

या विषाची ओळख १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीमुळे दगावले तेव्हा झाली. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ जणांना कामला व जलोदराची लक्षणे झाली आणि १०६ जण मृत्यू पावले. पावसात भिजलेले पीक हेच त्याचे कारण होते. आपण यकृताच्या रोग्यास जे चूर्ण देतो, तेच या विषाचे वाहक झाले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

अफ्लाटॉक्सिन क्वाथ करण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. बुरशी आलेली मुळी फडक्याने पुसून, उन्हात टाकून परत पोत्यात भरणे, ही काही वखारींमधील रीत म्हणूनच धोक्याची आहे. दिसणारी बुरशी निघून जाते, विष राहते. असा माल टाकूनच द्यावा. शेड्यूल टीने साठवणीचे जे नियम घातले आहेत, त्यांत फळ्यांवर पोती ठेवणे, भिंतीपासून अंतर राखणे, जुना माल आधी वापरणे या गोष्टी आहेतच. कोकणात व घाटमाथ्यावर तेवढ्याने भागत नाही. तेथे पिष्टमय मुळ्या मृगापूर्वीच पुन्हा वाळवून हवाबंद डब्यांत भराव्यात, गोणपाटात ठेवू नयेत. किडीने पोखरलेली मुळी प्रथम वेगळी काढावी, कारण बुरशी तिच्या बिळातूनच आत जाते. अगुरूच्या खोडात घडते तेच येथेही घडते, परंतु येथे उत्तर देणारे जिवंत लाकूड नसते. पावसाळ्यात नवीन माल आला तर प्रत्येक पोत्याच्या मध्यभागातील मुळी मोडून आतला रंग व वास पाहावा, आणि शंका आल्यास भरड करण्यापूर्वीच नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. एकदा भरड झाली की चांगली आणि वाईट मुळी वेगळी करता येत नाही.